अखेरचा कोळसा

जर्मनीतील बोट्रोप येथील खाणीतून २१ डिसेंबर २०१८ रोजी त्या देशातील दगडी कोळशाचा अखेरचा तुकडा वर आला. परदेशी कोळसा स्वस्त पडे. देशी खाणी सरकारी अनुदानावर तगून होत्या. ते क्रमाक्रमाने थांबवावे, असे २००७ मध्ये ठरले. कामगार उघड्यावर पडू नयेत म्हणून मुदतपूर्व निवृत्तिवेतनाची सोय झाली. तिचा खर्चही खजिन्यावरच पडला. खाण मिटली, तरी परदेशी कोळशाचा धूर उरलाच. पुढे २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे युरोपीय संघाने रशियन कोळसा वर्ज्य केला, तेव्हा परावलंबनाचे मोल कळले. विद्यार्थिमित्रहो, इंधन, रोजगार, हवामान व कर्ज हे एकाच दोरीचे चार पीळ होत, असे आम्हांस वाटते. एक उसवताना उरलेल्या तिहींकडे लक्ष हवे.