बदकांची साक्ष

'फॉस्फेटविरहित' असा शिक्का मिरवणारी धुण्याची भुकटी वापरल्यास आपल्या खाडीचे पाणी हिरवे पडावयाचे थांबेल काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. या प्रश्नाचा निवाडा लाँग आयलंडच्या बदकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. मात्र त्याचा दाखला फारसा कोणी काढीत नाही.

न्यूयॉर्कनजीकच्या या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ग्रेट साउथ आणि मॉरिचेस या दोन उथळ खाड्यांपैकी पहिलीतील 'ब्लू पॉइंट' कालवांचा लौकिक मोठा होता. परंतु खाड्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी बदकपालनाचा धंदा भरभराटीस आला, विष्ठा पाण्यात उतरू लागली आणि पाणी शैवालाने दाटत असता कालवे मात्र रोडावत गेली. वुड्स होल येथील जॉन रायथर यांनी १९५४ साली या कोड्याची उकल प्रसिद्ध केली. कालवांना पोसणारी डायटम शैवाले हटून त्यांच्या जागी माजलेली अतिसूक्ष्म हिरवी शैवाले कालवांच्या कामाची नव्हती. अन्नाने तुडुंब भरलेल्या पाण्यात ते बिचारे जीव उपाशी मरत होते!

पुढे १९७१ साली रायथर आणि विल्यम डन्स्टन यांनी किनाऱ्याचे पाणी घेऊन काही पात्रांत फॉस्फेट (म्हणजे स्फुरद) व काही पात्रांत अमोनिया (म्हणजे नत्र) मिसळला. अमोनियाने शैवाल फोफावले. फॉस्फेटाने काहीच घडले नाही. सागरी शैवाल स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे १६ अणू वापरते, असे आल्फ्रेड रेडफील्ड यांचे प्रसिद्ध गणित आहे. बदकांच्या विष्ठेत काय किंवा आपल्या सांडपाण्यात काय, स्फुरद त्या मानाने अधिक असते. पंगतीत बुंदीच्या पराती कितीही भरलेल्या असल्या तरी पत्रावळी संपल्या की पुढली पंगत बसत नाही; खाडीत ही पत्रावळ म्हणजे नत्र. त्या काळी साबणातील फॉस्फेटाच्या जागी नत्रयुक्त द्रव्य घालण्याची तजवीज चालू होती, तिने किनाऱ्याचे अहितच होईल असा इशारा या जोडीने दिला.

परंतु लोकांच्या नजरेत भरले ते निराळेच. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकला, दोन्ही बाजूंना कार्बन व नत्र आणि एकाच बाजूला स्फुरद घातले. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. तिचे विमानातून घेतलेले छायाचित्र असे बोलके होते, की स्फुरदाविरुद्धच्या खटल्यात आणखी पुराव्याची गरजच कोणास वाटली नाही. शिंडलर यांचा निष्कर्ष तळ्यापुरता चोख होता, कारण गोड्या पाण्यातील काही निळी-हिरवी शैवाले हवेतून नत्र ओढून उणीव भरून काढतात. खाऱ्या पाण्यात ही सोय बहुधा नसते. शिवाय तेथील गाळातील गंधक लोहाला बांधून घेते आणि लोहाने धरून ठेवलेले स्फुरद मोकळे होते. तळ्याचा हुकूमनामा खाडीला लागू करणे, ही मला या साऱ्या प्रकरणातील खरी गफलत वाटते.

तिचा प्रत्यय उत्तर कॅरोलिनातील न्यूस नदीवर आला. त्या राज्याने १९८८ साली साबणातील फॉस्फेटावर बंदी घातल्यावर नदीच्या गोड्या टापूतील शैवाल ओसरले, पण जे नत्र ते शैवाल वाटेतच फस्त करी ते आता अस्पर्श राहून नदीमुखाशी पोहोचू लागले. तेथे गोडे पाणी वर आणि भारी खारे पाणी तळाशी असे थर पडले, की मेलेले शैवाल तळाशी कुजून प्राणवायू संपवते, वरचा प्राणवायू खाली उतरू शकत नाही आणि मासे गुदमरतात.

तेव्हा वाचकमहाशयांनी ती भुकटी खुशाल वापरावी. तळ्यांना तिचा लाभच आहे. खाडीतले नत्र मात्र मुख्यत्वे शेतातील खतातून आणि आपल्याच मलमूत्रातून येते. सांडपाण्यातील नत्र जिवाणूंकरवी हवेत परत धाडता येते. त्यासाठी शुद्धीकरण केंद्रात पाण्याला आधी हवा द्यावी लागते आणि मग हवेविना ठेवावे लागते. त्याला जागा, वीज आणि पैसा तिन्ही लागतात, आणि ही तरतूद नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात करावी लागते.