प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर आणि कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण

शेतकऱ्याच्या दृष्टीने उंदीर हा धान्याचा शत्रू होय. कणगीतील धान्य तो खातो आणि खातो त्याहून अधिक नासवितो. परंतु याच कुळातील पांढरा उंदीर शेतकऱ्याच्या जीविताचे रक्षण करण्यास उपयोगी पडतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. त्याचा रंग ज्या आकड्यावरून ठरतो, तो आकडा मुख्यत्वे या उंदरावरील चाचणीतून मिळतो. म्हणून हा उंदीर कसा ठेवला जातो, हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने थोडक्यात जाणून घेणे इष्ट आहे.

त्रिकोणाचा अर्थ

विषाची जी मात्रा दिली असता चाचणीतील निम्मे प्राणी मरण पावतात, तिला मध्यम मारक मात्रा म्हणतात. प्राण्याच्या दर किलो वजनास किती मिलिग्रॅम विष, अशा रीतीने ती सांगितली जाते. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली 1971 साली जे नियम झाले, त्यांनुसार तोंडावाटे दिलेल्या विषाची ही मात्रा 1 ते 50 मिलिग्रॅम असल्यास लाल, 51 ते 500 असल्यास पिवळा, 501 ते 5000 असल्यास निळा आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा रंग द्यावा लागतो. कातडीवाटे होणाऱ्या बाधेसाठी निराळे आकडे ठरविलेले आहेत. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. मोनोक्रोटोफॉस या औषधाची उंदरातील मात्रा साधारणतः 20 मिलिग्रॅमच्या आतबाहेर आहे. म्हणजे 200 ग्रॅम वजनाच्या उंदरास सुमारे 4 मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारे एवढेसे विष पुरेसे होते.

इतक्या सूक्ष्म मोजमापात प्राणी आधीच आजारी, उपाशी किंवा उन्हाने त्रासलेला असेल, तर मृत्यू विषाने झाला की हालांनी, हे सांगता येत नाही. आकडा चुकला तर त्रिकोणाचा रंगही चुकण्याचा संभव असतो. प्राणिगृहातील निगा ही दयेची बाब आहेच. परंतु ती आकड्याच्या खरेपणाचीही बाब आहे.

उंदराचे घर

प्रयोगासाठी बहुधा विस्टार जातीचे उंदीर वापरतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत 1906 च्या सुमारास ही जात तयार झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पैदाशीतून आल्यामुळे हे प्राणी एकमेकांशी पुष्कळ मिळतेजुळते असतात. एकसारखे बियाणे पेरल्यावाचून दोन खतांची तुलना होत नाही, तसेच हे आहे.

पिंजरा बहुधा प्लॅस्टिकच्या पेटीसारखा असून वर पोलादी जाळी असते. सुमारे 200 ग्रॅम वजनाच्या उंदरास निदान 150 चौरस सेंटिमीटर जागा व 18 सेंटिमीटर उंची मिळावी लागते. उंदीर कळपात राहणारा प्राणी असल्याने त्यास शक्यतो एकटे ठेवीत नाहीत. तळाशी धानाचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा चुरा अंथरतात व तो वेळोवेळी बदलतात. तसे न केल्यास मूत्रापासून अमोनिया वायू सुटतो आणि त्याने प्राण्याची फुप्फुसे बिघडतात. गोठा वेळेवर न झाडल्यास जनावरांना जो त्रास होतो, तोच हा.

या प्राण्यांसाठी खोलीचे तापमान 22 अंश सेल्सिअसच्या जवळपास आणि हवेतील आर्द्रता 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असावी. उंदरास माणसाप्रमाणे घाम येत नाही. शरीरातील बरीचशी उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. नागपुरात वैशाखात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा वाळ्याच्या कूलरने काम भागत नाही. कोरड्या हवेत कूलर गारवा देतो, परंतु आर्द्रता वाढवितो. आणि पावसाळ्यात तर तो निरुपयोगीच ठरतो. यासाठी वातानुकूलन यंत्र आणि वीज गेल्यास चालणारे जनित्र, दोन्ही हाताशी असावे लागतात. तासातून दहा ते पंधरा वेळा खोलीतील हवा पालटावी, बारा तास उजेड व बारा तास अंधार ठेवावा, असा दंडक आहे. लाल डोळ्यांच्या या प्राण्यास प्रखर उजेड सोसत नाही. त्याचे कान तीक्ष्ण असल्याने भांड्यांचा खणखणाटही टाळावा लागतो.

आहार व देखभाल

मोठा उंदीर दिवसास 15 ते 20 ग्रॅम खाद्य खातो व सुमारे 20 ते 30 मिलिलिटर पाणी पितो. गहू, हरभरा, दुधाची भुकटी, तेल, क्षार व जीवनसत्त्वे यांच्या कठीण कांड्या करून देतात, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजावे लागतात. खाद्यास बुरशी लागलेली मुळीच चालत नाही. भुईमूग, मका यांवरील बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष उंदराच्या यकृतास घातक असते. असे खाद्य गेले तर औषधाची चाचणी बुरशीचीच चाचणी होऊन बसते.

नवे प्राणी आल्यावर त्यांना निदान पाच दिवस नव्या जागेची सवय होऊ देतात. सर्वांचे वजन जवळपास सारखे असावे लागते. राखणदार दररोज, सुटीच्या दिवशीही, प्रत्येक पिंजरा पाहतो. केस विस्कटले आहेत काय, नाकाडोळ्यांभोवती तांबूस डाग आहेत काय, खाद्य उरले आहे काय, हे सारे वहीत नोंदले जाते. या साध्या वहीवरच पुढील सारा हिशेब उभा असतो.

कायद्याचे बंधन

प्राण्यांना निष्ठुरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला आणि प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचे नियम 1998 मध्ये लागू झाले. त्यांनुसार संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीवाचून उंदरावर प्रयोग करता येत नाही. रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा उपाय योजावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. मारक मात्रा काढण्याची जुनी पद्धत, जिच्यात पुष्कळ प्राणी लागत, ती आंतरराष्ट्रीय नियमावलीतून 2002 साली काढून टाकण्यात आली. आता थोडे प्राणी घेऊन पायरीपायरीने चाचणी होते.

आकडा काय सांगत नाही

चाचणी कितीही काळजीने झाली, तरी तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. उंदीर थंड खोलीत असतो. फवारणी करणारा मजूर दमट उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत उभा असतो. त्रिकोणाचा आकडा एका औषधाचा असतो. शेतात दोन-तीन औषधे एकत्र कालविली जातात. तो आकडा एका वेळच्या मात्रेचा असतो; मजूर मात्र दिवसामागून दिवस फवारणी करीत असतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी व मजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसच्या आसपास मृत्यू झाले. उंच वाढलेले पीक, उकाडा, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव या गोष्टी त्या वेळी प्रकर्षाने पुढे आल्या. पिवळा त्रिकोण म्हणजे कमी धोका, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. त्या रंगाखालीही ‘विष’ हाच इशारा असतो.

ग्रामसेवकांचे कर्तव्य

ग्रामसेवकांनी गावसभेत रिकामा डबा नव्हे, तर बंद डब्यावरील त्रिकोण दाखवून त्याचा अर्थ समजावून द्यावा. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत. हातमोजे, तोंडावर पट्टी व अंगभर कपडे घालून, वाऱ्याच्या दिशेने तोंड न करता आणि शक्यतो सकाळी वा सायंकाळी फवारणी करावी. फवारणीनंतर साबणाने स्नान केल्याशिवाय अन्न, पाणी वा तंबाखूस हात लावू नये. घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा मळमळ जाणवताच अंगावरील कपडे काढून अंग धुवावे आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाचा डबा व त्यातील माहितीपत्रक अवश्य न्यावे, म्हणजे डॉक्टरांस नेमका उपचार करता येईल.

त्या त्रिकोणामागे अनेक मुक्या प्राण्यांचे जीव आणि राखणदारांचे श्रम खर्ची पडलेले असतात. डबा उघडण्यापूर्वी तो वाचला, तरच ते सार्थकी लागतील.