फोटोतल्या माणसांची नावे

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. बी. ए.चा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय नेत्याला पत्र लिहिलं होतं म्हणतात. ते कुठल्या पुस्तकात मिळेल?’’ मला पुस्तक काही आठवेना. मग आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. दहा-पंधरा मिनिटांत पुस्तक नाही, तर ते पत्रच आमच्यासमोर आले.

जुलै १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या विद्वान नेत्याला ते लिहिले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी ती विचारणा होती. महिनाअखेरीस डू बॉइस यांचे उत्तरही गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट येथील ग्रंथालयात डू बॉइस यांची सुमारे एक लाख पत्रे आणि कागद जपले आहेत, त्यांत हा पत्रव्यवहार आहे. तो सगळा संग्रह संगणकावर चढवलेला असल्यामुळे आमच्यासारख्या आडगावच्या माणसांनाही तो घरबसल्या वाचता येतो.

या दोन समाजांचे नाते आपल्याकडे जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. तरीही त्या पत्राने माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न आणला. डू बॉइस मोठे होते, त्यांचे कागद राहिले. पण ज्यांच्यासाठी ते लढले, त्या शेतमजुरांचे, धोबिणींचे, गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचे काय राहिले? निवृत्तीनंतर मोकळा वेळ होता, म्हणून मी याचा शोध घेत गेले. जे हाती लागले त्यातले थोडे आज सांगते.

पहिली अडचण अशी की, या लोकांची नावेच सरकारी कागदात नव्हती. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली ओळी असत : पुरुष, वय अमुक, स्त्री, वय अमुक. नावाचा रकाना नाही. १८६० मध्ये असे सुमारे ३९ लाख ५० हजार लोक होते. गुलामी संपल्यानंतरच्या, म्हणजे १८७० च्या जनगणनेत त्यांतल्या बहुतेकांची नावे देशाच्या गणनेत पहिल्यांदा लागली. आज आपल्या पूर्वजांचा माग काढणारा कृष्णवर्णीय माणूस १८७० पर्यंत मागे जातो आणि तिथे अडतो. त्यापलीकडे जणू भिंतच उभी आहे.

त्या भिंतीला एक खिडकी आहे. युद्ध संपत आले असताना मार्च १८६५ मध्ये सरकारने ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ नावाचे एक खाते काढले. मुक्त झालेल्या लोकांना शिधा द्यायचा, मजुरीचे करार करून द्यायचे, विवाह नोंदवायचे, तक्रारी ऐकायच्या, ही त्याची कामे. १८७२ मध्ये ते बंद झाले. पण सात वर्षांत त्याने अपार कागद जमवले. सगळे हाताने लिहिलेले, कारकुनागणिक वेगळे अक्षर. दीडशे वर्षे हे कागद सरकारी अभिलेखागारात होते. पण त्यांत आपला पणजोबा कुठल्या पानावर आहे, हे कोणाला सापडणार?

जून २०१५ मध्ये एक मोठे काम सुरू झाले. कागदांची छायाचित्रे संगणकावर ठेवली आणि साध्या नागरिकांना सांगितले, तुम्ही घरी बसून एकेक पान वाचा आणि त्यातली नावे टंकून द्या. हजारो स्वयंसेवक पुढे आले. वर्षभरात सुमारे १८ लाख नावांची सूची तयार झाली. पानाचे चित्र काढले म्हणजे काम झाले असे नाही, हे यातून कळते. चित्रातले अक्षर कोणीतरी माणसाने वाचून लिहिले, तेव्हाच ते शोधता येते. यंत्रे आता हस्ताक्षर वाचू लागली आहेत. तरी फिकट शाईतले नाव बरोबर लागले की नाही, हे पाहायला माणूस लागतोच.

दुसरा साठा वर्तमानपत्रांतला. गुलामांच्या बाजारात आई एकीकडे आणि मुले दुसरीकडे विकली जात. मुक्त झाल्यावर ही माणसे एकमेकांना शोधू लागली. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या साप्ताहिकात १८७९ पासून ‘हरवलेले सखेसोबती’ अशा अर्थाचे सदर चाले. जाहिरातीचा दर पन्नास सेंट. ती प्रवचनाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावी, अशी पाद्र्यांना विनंती असे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. जाहिरातीत काय असे? माझ्या आईचे नाव हे, मालक हा, त्याने आम्हाला अमुक गावी विकले, भावंडे इतकी होती. गुलामी संपून चाळीस वर्षे उलटली तरी अशा जाहिराती येत होत्या. न्यू ऑर्लिन्समधील एका इतिहास-संग्रहाने त्या सदरातल्या जाहिरातींची सूची केली आहे. व्हिलानोव्हा विद्यापीठाने २०१७ पासून देशभरच्या वर्तमानपत्रांतून अशा हजारो जाहिराती गोळा करून सर्वांसाठी खुल्या केल्या. मी त्या वाचायला बसले की एका वेळी चार-पाचच वाचू शकते.

जाहिरात देणाऱ्याला बहुधा माणूस सापडत नसे. पण त्याने दिलेली माहिती आज त्याच्या पतवंडांना उपयोगी पडते. मालकाचे नाव, गाव, आईचे नाव हे तीन धागे एकत्र आले की १८७० ची भिंत ओलांडता येते.

आता एका शहराची गोष्ट. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. तिथली हिल डिस्ट्रिक्ट ही टेकडीवरची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. नाटककार ऑगस्ट विल्सन तिथलेच, आणि त्यांच्या दहापैकी नऊ नाटकांची जागा हीच वस्ती. तिथे चार्ल्स ‘टीनी’ हॅरिस (१९०८-१९९८) नावाचे छायाचित्रकार होते. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी त्यांनी चाळीसेक वर्षे छायाचित्रे काढली. ते एका प्रसंगाचा सहसा एकच फोटो घेत, म्हणून शहराच्या महापौरांनी त्यांना ‘वन शॉट’ हे नाव दिले होते. मार्टिन ल्यूथर किंग, ड्यूक एलिंग्टन अशी थोर मंडळी त्यांच्या कॅमेऱ्यात आहेतच. पण त्याहून जास्त आहेत ती लग्ने, वाढदिवस, न्हाव्याची दुकाने, शाळेची मुले.

१९५० च्या दशकात शहराच्या सुधारणेसाठी म्हणून या वस्तीचा खालचा भाग पाडण्याचे ठरले. सुमारे ९५ एकर जमीन रिकामी झाली, आठ हजारांच्या आसपास लोक उठले. तिथे एक भव्य क्रीडागृह बांधले, ते १९६१ मध्ये उघडले. पन्नास वर्षांनी, २०११-१२ मध्ये, तेही पाडून टाकले. घरे गेली, चर्च गेले, दुकाने गेली, आणि ज्यासाठी ती गेली तेही राहिले नाही. राहिल्या त्या हॅरिस यांच्या निगेटिव्ह. सुमारे ८० हजार!

२००१ मध्ये कार्नेगी कलासंग्रहालयाने हा साठा विकत घेतला. पण बहुतेक निगेटिव्हबरोबर नाव, तारीख, ठिकाण काहीच नव्हते. चेहरे हजारो, नावे थोडी. संग्रहालयाने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. फोटो घेऊन ते लोकांकडे गेले. वस्तीतल्या वृद्धांना बोलावले, फोटो दाखवले, विचारले : हे कोण? हे दुकान कुठले? कोणी आपली मावशी ओळखली, कोणी आपले दुकान. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले. अभिलेखागारात नेहमी तज्ज्ञ सांगतो आणि लोक ऐकतात; इथे लोक सांगत होते आणि तज्ज्ञ लिहून घेत होते. कामाला घाई होती, कारण निगेटिव्ह थंड खोलीत ठेवल्या तर टिकतील, पण ऐंशी-नव्वद वर्षांची आठवण थंड खोलीत ठेवता येत नाही.

इथे एक प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. हे कागद, हे फोटो कोणाचे? आजवर बाहेरची माणसे आली, आजीच्या पेटीतले फोटो घेऊन गेली, पुस्तके लिहिली, आणि आजीच्या घरी काहीच उरले नाही, असा अनुभव या समाजाने अनेकदा घेतला आहे. म्हणून अलीकडे वेगळी पद्धत रुजते आहे. मूळ वस्तू घरातच राहते. संस्था फक्त तिची संगणकीय प्रत घेते आणि एक प्रत घरच्यांनाही देते. काय सर्वांना दाखवायचे आणि काय नाही, हे घरचे ठरवतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तर पाठीवरच्या पिशव्याच तयार केल्या. त्यांत ध्वनिमुद्रणाची साधने आणि मुलाखत कशी घ्यावी याची सोपी माहिती. पिशवी गावाला द्यायची. गावाने आपला इतिहास आपणच नोंदवायचा.

आपणच का, याचे उत्तर टल्सा शहरात मिळते. तिथल्या ग्रीनवूड या समृद्ध कृष्णवर्णीय वस्तीवर १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने हल्ला करून ती जाळली. भडका उडायला कारण ठरली असे म्हणतात ती बातमी ३१ मे रोजी तिथल्या एका दैनिकात आली होती. पुढे त्या दैनिकाच्या फायलींचे सूक्ष्मपटावर चित्रण झाले, तेव्हा पहिल्या पानावरची ती बातमी आणि संपादकीय पानाचा मोठा भाग आधीच फाडलेला होता. मग इतिहासकारांना वाचलेल्या लोकांच्या आठवणींकडेच जावे लागले. एकाच ठिकाणी, एकाच्याच हाती कागद असले की असे होते.

संगणकावर चढवले म्हणजे अमर झाले, असेही समजू नये. हा धडा मला घरच्याच अनुभवाने मिळाला. मी जिथे नोकरी केली त्या महाविद्यालयाने एका महोत्सवाच्या वेळी जुने फोटो सीडींवर घेतले. आता सीडी आहेत ना, म्हणून मूळ फोटोंचे गठ्ठे एका सुट्टीत रद्दीत गेले. मी तेव्हा बोलायला हवे होते, बोलले नाही. दहा वर्षांनी त्यातल्या निम्म्या सीडी उघडेनात. प्रती तीन तरी हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी हवी, दर काही वर्षांनी त्या उघडून पाहायला हव्यात आणि नव्या साधनावर उतरवायला हव्यात. आणि मूळ वस्तू कधीही टाकू नये. संगणकीय प्रत ही शोधण्यासाठी आणि वाटण्यासाठी असते, मूळ वस्तूच्या बदल्यात नसते.

पिट्सबर्गची हकीकत वाचली त्या रात्री मी माझ्या वडिलांचा एक फोटो काढून बसले. लालबागच्या चाळीतला, गणपतीतला, गिरणीतली अकरा माणसे. त्यातल्या तिघांचीच नावे मला ठाऊक. आईला सगळी पाठ होती. पण मी तिला कधी विचारले नाही, आणि आता ती नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तो फोटो घेऊन वडिलांच्या खोलीशेजारी राहणाऱ्या काकांकडे गेले. काका आता नव्वदीचे आहेत, मुलाकडे डोंबिवलीला असतात. त्यांनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. चार नावे मिळाली. पाचव्यावर ते थांबले. ‘‘हा तबला वाजवायचा,’’ म्हणाले, ‘‘नाव आठवत नाही गं.’’

मी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने सात नावे लिहिली. पेन वापरू नये, शाई पुढे उमटते. आठव्या जागी लिहिले : तबला वाजवत असत. तिघांची जागा रिकामी ठेवली आहे. पुढच्या रविवारी काकांच्या धाकट्या बहिणीकडे जायचे आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)