पालकत्वातील प्रेम आणि शिस्त : विरोध की सहअस्तित्व?

प्रस्तावना

अपत्यसंगोपनाच्या चर्चेत प्रेम आणि शिस्त ही दोन परस्परविरोधी टोके मानण्याचा प्रघात जुना आहे. प्रेम केले तर मूल लाडावते आणि शिस्त लावली तर ते दुरावते, अशी दुहेरी भीती बहुतेक पालकांच्या मनात असते. चाणक्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका श्लोकात तर या दोहोंची कालविभागणीच केलेली आढळते : पाच वर्षे लाड, पुढील दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मित्रत्व. एका वेळी एकच काहीतरी शक्य आहे, हे त्यामागील गृहीतक होय. हे गृहीतक मानसशास्त्रीय संशोधनाच्या आणि आपल्या मराठी शैक्षणिक-वाङ्मयीन परंपरेच्या कसोटीवर टिकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न दोन बाजूंनी भिडतो. आपण स्वतः पालक असतो आणि इतरांच्या घरी वाढलेली मुले वयाच्या अठराव्या वर्षी आपल्यासमोर येऊन बसतात.

शिस्त : संकल्पना

‘शिस्त’ म्हटले की शिक्षा आठवावी, हा या चर्चेतील मूळ घोटाळा आहे. मराठीत ‘शिस्त धरणे’ याचा एक अर्थ नेम धरणे असा आहे. ‘नेम’ या शब्दातही लक्ष्य आणि नियम असे दोन्ही अर्थ नांदतात. म्हणजे शिस्तीच्या मुळाशी दिशा आहे, दंड नाही. ‘वळण लावणे’ हा आपला घरगुती शब्दप्रयोग तर याहून बोलका आहे. अक्षराला वळण असते आणि ते गिरवून येते. आरंभी मोठ्या माणसाचा हात मुलाच्या हातावर असतो, हळूहळू तो सुटतो आणि अक्षर मुलाचे होते. हात मुळीच धरला नाही तर वळण लागत नाही; तो सोडलाच नाही तर अक्षर मुलाचे होत नाही. शिस्तीचे प्रयोजन बाह्य नियंत्रणाचे आत्मनियंत्रणात रूपांतर करणे हे आहे, असे मानल्यास पुढील विवेचन सुकर होते.

पालकत्वाच्या शैली

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या. पहिली हुकूमशाही शैली : नियम कडक, कारणे सांगायची नाहीत, आज्ञापालन हाच सद्गुण. दुसरी मुक्तसोड शैली : माया भरपूर, परंतु अपेक्षा व मर्यादा नाममात्र. तिसरी अधिकारयुक्त शैली : नियम ठाम, पण त्यांची कारणे सांगितली जातात, मुलाचे म्हणणे ऐकले जाते आणि त्याच्या कुवतीचा आदर राखला जातो. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी या मांडणीला दोन परिमाणांचा आधार दिला. एक, मुलाकडून असलेल्या अपेक्षा; दुसरे, मुलाला मिळणारा प्रतिसाद. दोन्ही कमी असतील तेथे चौथी, उपेक्षेची शैली संभवते.

या मांडणीचे महत्त्व असे की प्रेम आणि शिस्त ही एकाच तराजूची दोन पारडी नसून दोन स्वतंत्र परिमाणे आहेत, हे तीतून स्पष्ट होते. एक वाढले की दुसरे घटलेच पाहिजे, असा नियम नाही. दोन्ही उच्च असलेल्या घरांतील मुलांमध्ये आत्मविश्वास, जबाबदारीची जाणीव आणि सामाजिक क्षमता तुलनेने अधिक आढळल्याचे या परंपरेतील संशोधन सांगते. अर्थात या निष्कर्षांना सांस्कृतिक मर्यादा आहेत. बाहेरून कठोर दिसणारे पालकत्व चिनी कुटुंबांत आस्था आणि घडवणूक या अर्थाने अनुभवले जाते, हे रुथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडील ‘संस्कार’ या संकल्पनेचा विचार करतानाही हे भान ठेवणे आवश्यक आहे.

छडी गेली, अबोला आला

शिक्षेच्या बाबतीत मात्र संशोधनाचा कौल बराच स्पष्ट आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. मारण्याचा संबंध वाढत्या आक्रमकतेशी व मानसिक अडचणींशी असल्याचे त्यात दिसून आले. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करीत नाहीत, हे खरे. परंतु मारण्याने मूल दीर्घकाळात सुधारते, याला त्यांतून आधार मिळत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातील मारहाणीवरही कायद्याने बंदी घातली. भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे.

तथापि छडी टाकली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. मार्टिन हॉफमन यांनी शिस्तीच्या तीन पद्धती सांगितल्या : बळाचा वापर, प्रेम काढून घेणे आणि समजावणी. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांनी पहिली पद्धत बऱ्याच अंशी टाकली असली, तरी अनेकदा तिच्या जागी तिसरी न येता दुसरी आली. ‘आता मी तुझ्याशी बोलणारच नाही’, ‘एवढे गुण मिळवलेस तरच तू माझा’, ही वाक्ये आपल्या परिचयाची आहेत. येथे अंगावर वळ उठत नाहीत. पण प्रेम हे आज्ञापालनाचे बक्षीस आणि गुणपत्रिकेचे मोल ठरते. मूल चुकीचा विचार करण्याऐवजी आपले स्थान टिकेल की नाही याचा विचार करू लागते. समजावणीत मात्र मुलाचे लक्ष आपल्या कृतीचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला याकडे वळवले जाते. हॉफमन यांच्या मते नैतिक जाणीव रुजते ती प्रामुख्याने याच मार्गाने.

‘श्यामची आई’ : एक पुनर्वाचन

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक या प्रश्नाचा मराठी संदर्भग्रंथच म्हणावे लागेल. त्यातील दोन प्रसंग परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि तो पोहून आल्यावर त्याला मायेने जवळ घेते. दुसऱ्या प्रसंगी अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो, तेव्हा आई आपला पदर पसरते; आणि पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसे मनही मळू नये म्हणून जप, असे सुचवते.

पहिल्या प्रसंगाचा दाखला देऊन माराचे समर्थन केले जाते. परंतु त्या मारात अपमान नाही, आईची माया क्षणभरही पणाला लागत नाही, म्हणूनच तो श्यामला सोसवतो. येथे माया माराला निभावून नेते, मार मायेला सिद्ध करीत नाही. दुसऱ्या प्रसंगात आई हट्ट पुरवते आणि त्याच क्षणी मागणीही करते. अपेक्षा आणि प्रतिसाद तेथे एकाच कृतीत एकवटतात. श्याम आयुष्यभर विसरत नाही ती शिकवण या दुसऱ्या प्रकारची आहे.

संस्थात्मक पातळीवर हीच दृष्टी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात दिसते. १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना बेशिस्त न ठरवता बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. स्वच्छता, गाणी, हातांना काम, ठरलेला दिनक्रम यांतून आलेली ती शिस्त माँटेसोरी विचारातील स्वयंशिस्त होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की प्रेम आणि शिस्त यांचे सहअस्तित्व शक्य आहे. किंबहुना परस्परांवाचून ती दोन्ही अपुरी आहेत. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते : नियम मोडल्यास त्याचे परिणाम मुलाला भोगू द्यावेत, परंतु प्रेम हा त्या परिणामांचा भाग कधीही असू नये. झोपण्याची वेळ, मोबाइलचा वापर, दिलेला शब्द यांबाबत ठाम राहता येते आणि त्याच रात्री मुलाला जवळही घेता येते.

अध्यापक म्हणून याचा अर्थ आपल्याला लागू होतो. उपस्थितीचा नियम शिथिल न करता गैरहजर विद्यार्थ्याला त्याची अडचण विचारता येते. निबंध परत करताना चूक लाल शाईने दाखवता येते, पण लिहिणाऱ्याची लायकी काढण्याचे कारण नसते. वर्गात प्रश्न विचारायला घाबरणारे विद्यार्थी नेहमीच अज्ञानी असतात असे नाही. अनेकदा चूक झाली की माणूस दुरावते, हा धडा त्यांनी फार लवकर शिकलेला असतो. तो पुसून काढणे हे पालकांइतकेच अध्यापकांचेही काम आहे.