कोयता निघण्याआधी रक्तदाब तपासून घ्या

दिवाळी सरली की मुरुमच्या आसपासच्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे चढतात, आणि पुढचे पाच-सहा महिने घरांना कुलूप लागते. त्याआधीच्या पंधरवड्यात आमच्या कार्यकर्त्या रक्तदाबाचे यंत्र घेऊन दारोदार फिरतात. दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येते : “ताई, आम्ही कष्टाची माणसं. आम्हाला कसला हार्टचा आजार? तो बंगल्यातल्या लोकांचा.”

हा समज फक्त वस्तीवरच्या लोकांचा नाही. आपल्यातल्या शिकलेल्यांनाही असेच वाटते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. मलेरिया, जुलाब, क्षय अशी उत्तरे अपेक्षित होती. पण सगळ्यात जास्त मृत्यू पक्षाघाताने झाले होते, साधारण दर सातांत एक. पक्षाघात मेंदूचा, हृदयविकार छातीतला, पण दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा तेच असते : वर्षानुवर्षे न कळलेला, न आवरलेला रक्तदाब आणि तोंडातली तंबाखू. अंगमेहनत हृदयाला चांगलीच, पण ती या दोन गोष्टींवर उतारा नाही.

एका पारधी वस्तीवरच्या दादांची हकिकत सांगतो. नाव देत नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. निघण्याच्या आठवडाभर आधी रक्तदाब मोजला तर १७०/११०. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, काहीच त्रास नव्हता. आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, त्या त्यांनी नेमाने घेतल्याही. महिना संपला, गोळ्या संपल्या. फडावरून दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. शिवाय बरे वाटतच होते. माघात एका रात्री कोपीत छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, घाम फुटला, डावा हात जड पडला. सगळ्यांनी गॅस ठरवला. सोडा दिला, ओवा दिला, छातीला तेल चोळले. सकाळी गाडी मिळाली तेव्हा दहा तास उलटून गेले होते. दादा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला. आता त्यांच्याने मोळी उचलत नाही, आणि उचल मात्र फिटायची राहिली आहे.

त्या दहा तासांत शरीरात काय झाले, ते समजून घेऊ. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते तीन मुख्य रक्तवाहिन्यांतून येते. रक्तदाब, तंबाखू, साखर आणि चरबी यांनी या वाहिन्या आतून खरबरीत होतात आणि त्यात थर साचतो. पाटात गाळ साचावा तसे हे चालते, वर्षानुवर्षे, आणि दुखत नाही. मग एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पाट बंद होतो. पुढचे रान सुकू लागते. अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि दर तासाला नुकसान वाढत जाते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून गुठळी किती लवकर निघते, यावर सगळे अवलंबून असते.

गुठळी काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, ती विरघळवणारे इंजेक्शन. ते पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगले काम करते, आणि बारा तासांनंतर त्याचा उपयोग फारसा राहत नाही. दुसरा, अँजिओप्लास्टी, म्हणजे हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून आतून वाहिनी उघडणे. ती मोठ्या शहरातच होते. मुरुमहून सोलापूर किंवा लातूर गाठायचे तर गाडी दारात उभी असली तरी दीड-दोन तास जातात. म्हणून थेट मोठ्या शहराकडे धावण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घेणे शहाणपणाचे. मुरुमचे ग्रामीण रुग्णालय आहे, उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय आहे. ईसीजीला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि पुढे कुठे जायचे ते त्यावरून ठरते. एक ध्यानात ठेवा : पहिला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊन घरी परतू नका. दुखणे चालू असेल तर थोड्या वेळाने तो पुन्हा काढावा लागतो.

छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते हाताकडे, जबड्याकडे, पाठीत सरकणे, थंड घाम, धाप, मळमळ. विश्रांती घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही, तर तो गॅस नाही असेच धरून चाला. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती दुखेलच असे नाही. नुसती धाप, नुसता थकवा, पोटाच्या वरच्या भागात कळ, एवढ्यावरही भागते. आपल्याकडे बाई दुखणे सांगते ती सगळ्यांची जेवणे झाल्यावर. तेव्हा घरातल्यांनीच विचारावे.

अशा वेळी १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. अॅस्पिरिनची गोळी चावून खाल्ल्याने फायदा होतो, पण फोनवरच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. तोंड वाकडे झाले असेल, हात-पाय लुळा पडला असेल किंवा पोटात रक्तस्राव होण्याचा त्रास असेल तर ती घातक ठरू शकते. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याकडे आहे म्हणून दिली, असेही करू नका. तिने रक्तदाब एकदम खाली जातो. माणूस निपचित पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका.

वस्तीवरच्या मुलांचा हृदयविकार मात्र वेगळाच असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. एका पालात सात-आठ माणसे झोपतात, एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरतो. एका विशिष्ट जंतूमुळे झालेला घशाचा आजार अंगावर काढला, तर पाच ते पंधरा वर्षांच्या काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. सांधे बरे होतात, घरचे विसरतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ लागतात. मग खेळताना धाप लागते. मुलीच्या बाबतीत कधी कधी ते थेट पहिल्या बाळंतपणात उघडकीला येते आणि जिवावर बेतते. हे टाळण्याचा उपाय जुना आणि स्वस्त आहे : दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, कित्येक वर्षे, न चुकता. इथेही अडचण पुन्हा तीच. सांधेदुखी असलेले मूल आई-बापाबरोबर फडावर जाते आणि इंजेक्शन तुटते. शक्य असेल तिथे अशा मुलाला आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवावे, असे आमचे मत आहे. शाळा आणि अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला मुलाचे जुने दुखणे सांगा. जन्मतः हृदयात छिद्र असलेल्या मुलांची शस्त्रक्रियाही त्याच सरकारी कार्यक्रमातून मोफत होते.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, पालेभाजी, करडईचे तेल, हे आपले जुने जेवण उत्तमच आहे. बिघाड मिठाने होतो. फडावर भाजी नसली की भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचे, तेही खारट. दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, एवढे मीठ सगळे मिळून पुरे. आणि मिश्री! “मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते,” असे सांगणाऱ्या मावशी दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे. भूक मारायला तोंडात तंबाखू धरणाऱ्याला नुसते “सोड” म्हणून भागत नाही, हे आम्हाला कळते. सकाळची पहिली चिमूट उशिरा करा, इथून सुरुवात करता येते.

पैशाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेची शस्त्रक्रिया बसते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटा. पण तो रेशनकार्ड आणि ओळखपत्र मागतो, आणि आपल्या कित्येक पारधी कुटुंबांचे घोडे तिथेच अडते. आजार आल्यावर कागद काढायला वेळ नसतो. ज्यांचे कार्ड नाही त्यांनी आत्ताच आमच्या कार्यकर्त्यांना सांगावे, तहसीलला बरोबर येऊ.

आता निघण्याआधीची तयारी. तिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर एकदाच मोजून घाबरू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. गोळी सुरू असेल तर आरोग्य केंद्रात “आम्ही फडावर चाललो” असे स्पष्ट सांगून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात का ते विचारावे. रक्तदाब उतरला तो गोळीमुळे. म्हणून बरे वाटले तरी ती स्वतःहून बंद करू नये. औषधाचा कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि गोळ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी पिठाच्या डब्यात ठेवावी. ट्रॉलीतून काहीही हरवते, पिठाचा डबा हरवत नाही.

आमच्या ताई यंत्र घेऊन येतील तेव्हा मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटे टेकून शांत बसावे, आणि मोजताना बोलू नये.