वय एक, वाढ वेगळी

पुण्याजवळच्या नांद्याहून म्हाळुंगे-बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी फार लांब नाही. हॉकीच्या निवड चाचणीला पोराला घेऊन गेलेले पालक परतताना बहुधा एकच बोलतात, "आपलं पोरगं अंगानं कमी पडतं." तेराव्या वर्षी तरी या वाक्यावरून त्याच्या हॉकीचा निकाल लावू नये.

"वयोगट एक, म्हणजे मुलं सारख्या वयाची." तसं नसतं. वयोगटाची मर्यादा बहुधा १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला मुलगा एकमेकांसमोर उभे राहतात, मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असूनही. कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत रॉजर बार्न्सली यांनी १९८५ साली हे आकड्यांनिशी मांडलं. वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी होती. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०१३ सालचा अभ्यास. तिथल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना मागचे क्रमांक मिळाले होते, आणि त्या क्रमांकांवरून अपेक्षा होती त्यापेक्षा ते पुढे जास्त सामने खेळले.

आपल्याकडे तर तारखेचीच पंचाईत. मागच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. आता जन्मदाखले असतात, तरी वयचोरी थांबलेली नाही. म्हणून डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात. "एक्स-रेत खरी जन्मतारीख कळते," हा समज मात्र चुकीचा. एक्स-रेत हाडं किती पक्व झाली एवढंच दिसतं. तेरा वर्षांच्या दोन निरोगी मुलांपैकी एकाची हाडं बारा वर्षांच्या मुलासारखी आणि दुसऱ्याची चौदा वर्षांच्या मुलासारखी असू शकतात. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक पोरावर यावरून खोटेपणाचा शिक्का बसू नये.

उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती मुलींची साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. त्यातही वर्ष-दोन वर्षं मागेपुढे. आधी वाढलेला मुलगा काही काळ वेगात आणि ताकदीत सरस दिसतो. उशिरा वाढणारा पुढे गाठतो, मात्र तोवर त्याला संघात ठेवलेलं असलं पाहिजे. आणि हॉकीला आडदांड अंगच लागतं, असंही नाही. खडकीत १९६८ साली जन्मलेले धनराज पिल्ले शिडशिडीत बांध्याचे. ते चार ऑलिंपिक खेळले.

घरी एक करता येईल. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. उंची झरझर वाढू लागली की काही महिने पोराचा तोल आणि स्टिकवरचा ताबा बिघडल्यासारखा वाटू शकतो. तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखू लागलं, तर धावणं कमी करून डॉक्टरांना दाखवा आणि प्रशिक्षकांना त्या भिंतीवरच्या खुणांचा फोटो पाठवा.