शिक्क्याची तारीख

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या वॉशिंग्टन राज्यात मतदानकेंद्रासमोर रांग लावून उभे राहण्याची प्रथा जवळजवळ नामशेष झाली आहे. 2011 सालच्या कायद्यान्वये राज्यातील सर्व काउंट्यांत मतदान टपालाने होते. निवडणुकीच्या दिवसापूर्वी निदान अठरा दिवस प्रत्येक नोंदलेल्या मतदाराच्या नावे मतपत्रिका रवाना झाली पाहिजे असा तेथील दंडक आहे. आणि भरलेली मतपत्रिका परत पाठविताना तिकीट लावावे लागत नाही, कारण परतीचे टपालहशील 2018 पासून सरकारनेच आपल्या शिरावर घेतले आहे.

2024 च्या शरदात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी, मी मुलाकडे त्या राज्यात मुक्कामास होतो. माझ्या नोकरीचा बराच काळ महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या कचेरीत बारनिशीच्या टेबलावर गेला असून, निवडणुकांच्या हंगामात टपाली मतपत्रिकांचे लिफाफे स्वीकारणे, त्यांची नोंद ठेवणे आणि मोजणीच्या दिवशी ते सकाळी वेळेवर अधिकाऱ्यांसमोर रुजू करणे हे काम माझ्याकडे अनेकदा येत असे. त्यामुळे तेथील नागरिकत्व घेतलेल्या माझ्या सुनेच्या नावाचा लिफाफा ऑक्टोबरच्या मध्यास पेटीत येऊन पडला, तेव्हा तो मी ज्या बारकाईने न्याहाळला तिचे तिला नवल वाटले. आपल्याकडे घोषणापत्र निराळे, मतपत्रिकेचा लहान लिफाफा निराळा आणि दोहोंस पोटात घेणारा मोठा लिफाफा निराळा, शिवाय घोषणापत्रावर अधिकाऱ्याचे साक्षांकन. तिकडे साक्षांकन नाही, परतीच्या लिफाफ्यावरच प्रतिज्ञा छापलेली, तिच्याखाली मतदाराने सही करावयाची आणि सहीशेजारी तारीख घालावयाची. एवढ्या सहीच्या आधारावर आख्खे राज्य मतदान करते, हे पाहून माझ्यातील जुना कारकून प्रथम साशंक झाला. पण सून चार संध्याकाळी राज्याने घरोघर पाठविलेली माहितीपुस्तिका उघडून, न्यायाधीशापासून अध्यक्षापर्यंत एकेका उमेदवाराचे निवेदन वाचीत, जेवणाच्या टेबलाशी बसून मत भरीत होती, तेव्हा असा निवांतपणा मतदानकेंद्राच्या आडोशात कोणाला मिळत नाही, हेही मला मान्य करावे लागले.

मात्र दोन्ही पद्धतींतील खरा भेद निराळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे टपाली मतपत्रिका मोजणीस आरंभ होण्याच्या घटकेपूर्वी पोहोचली तरच ती ग्राह्य. ती कधी टाकली हे कोणी विचारीत नाही. वॉशिंग्टनमध्ये ती कधी पोहोचली यापेक्षा कधी रवाना झाली याला महत्त्व आहे. निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का तिच्यावर असला, तर ती पुढे कित्येक दिवसांनी आली तरी निकाल प्रमाणित होईपर्यंत मोजली जाते. आपला कायदा आवक पाहतो, त्यांचा कायदा जावक पाहतो. शिक्का पुसट असला किंवा मुळीच नसला, तर मतदाराने सहीशेजारी घातलेली तारीख प्रमाण मानावी अशीही तजवीज तेथे आहे; परंतु शिक्का स्पष्ट असेल तर त्यापुढे मतदाराच्या शब्दास किंमत नाही. याचा अर्थ असा की, पत्रावर शिक्का उमटविणारे खाते हे मतदानाच्या हक्काचे एक साक्षीदार होऊन बसते, आणि साक्षीदाराने कोणत्या घटकेला डोळे उघडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्या खात्याच्या वेळापत्रकाकडे जातो.

किंग काउंटीची निवडणूक कचेरी सिअॅटलच्या दक्षिणेस रेंटन या गावी आहे. इमारतीच्या आत, कामाच्या दालनांना वळसा घालणारी काचेची एक वाट प्रेक्षकांसाठी राखून ठेवलेली असून तेथून कोणालाही, नागरिक असो वा नसो, चाललेले काम पाहता येते. मी तेथे तासन्‌तास उभा राहिलो. टपालाने आलेले आणि रस्त्यांवरील मतपेट्यांतून दोघादोघांच्या पथकांनी गोळा करून आणलेले लिफाफे प्रथम एका लांब यंत्रातून धावतात. यंत्र त्यांची वर्गवारी करते आणि प्रत्येक सहीचे छायाचित्र टिपून घेते. मग पलीकडच्या दालनात पडद्यांसमोर बसलेली माणसे ती सही आणि दप्तरी असलेल्या जुन्या सह्या शेजारीशेजारी ठेवून पाहतात. सह्यांची ही पारख शिकविण्याचे काम राज्याच्या पोलिसदलातील जाणकारांकडे आहे. अक्षराची ढब, आडव्या रेषेची ओढ, दोन अक्षरांमधील अंतर, लेखणी उचलल्याची जागा, हे सारे क्षणार्धात नजरेखालून जाते. संशय आला तर दुसरा माणूस पाहतो. त्याचाही संशय कायम राहिला तर लिफाफा बाजूस निघतो, आणि मतदाराला पत्र जाते की आपली सही जुळली नाही, मुदतीत येऊन खुलासा करावा. हातांना कंप सुटलेल्या वृद्धांच्या आणि सही अजून न ठरलेल्या तरुणांच्या वाट्याला हे पत्र अधिक येते, हे कोणाही बारनिशीवाल्यास सांगावे लागू नये.

सही मंजूर झाली की लिफाफा फोडणाऱ्यांच्या टेबलावर येतो. तेथे नाव आणि मत यांची ताटातूट करण्याचा जो विधी चालतो, तो पाहताना मी अक्षरशः खिळून राहिलो. लिफाफे एका बाजूस जातात, आतील मतपत्रिका दुसऱ्या बाजूस, आणि त्या क्षणानंतर हे मत कोणाचे हे सांगण्याचे सामर्थ्य त्या इमारतीत कोणापाशीही उरत नाही. दोन्ही पक्षांनी पाठविलेले निरीक्षक हाताची घडी घालून हे सर्व पाहत असतात. याच कचेरीत 2023 साली टपालातून संशयास्पद भुकटीचा लिफाफा आला, तिच्यात फेंटॅनिल या घातक द्रव्याचा अंश निघाला आणि इमारत रिकामी करावी लागली. मी तेथे होतो त्याच शरदात, बरेच दक्षिणेस व्हँकूव्हर नावाच्या गावी, रस्त्यावरील एका मतपेटीत कोणी आग लावली आणि शेकडो मतपत्रिका होरपळल्या. इतके असूनही टेबलावरची माणसे, त्यांतील पुष्कळशी हंगामी, निवृत्त शिक्षिका किंवा गृहिणी असाव्यात अशी, एकेक लिफाफा उचलीत, उघडीत आणि आत काही राहिले नाही ना हे पाहत होती.

आता या कचेरीच्या दाराशी येईपर्यंत पत्राचा जो प्रवास होतो त्याकडे वळतो, कारण 2020 साली वाद पेटला तो तेथे. पेटीत टाकलेले पत्र जवळच्या टपालकचेरीतून मालमोटारीने वर्गवारीच्या मोठ्या केंद्रात जाते. तेथे पहिले यंत्र पत्रांची तोंडे एका दिशेस वळवून त्यांवर शिक्का उठविते. दुसरे यंत्र पत्ता वाचून तळाशी 65 उभ्या रेघांची सांकेतिक पट्टी छापते आणि तासाला तीस हजारांहून अधिक पत्रे या वेगाने त्यांची विभागणी करते. यंत्रास न वाचता येणाऱ्या हस्ताक्षराचे चित्र दूर सॉल्ट लेक सिटीतील माणसांपुढे जाते आणि ती ते वाचून पत्ता कळवितात. पहाटे हीच पत्रे पोस्टमनच्या फेरीतील घरांच्या क्रमाने लागून परत निघतात. या साखळीत प्रत्येक टप्प्यावर एक गाडी उभी असते, आणि ती गाडी पत्रांसाठी थांबावयाची की घड्याळासाठी निघावयाची, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यवस्थेचा दिसतो.

लुई डिजॉय हे 2020 च्या जूनमध्ये पोस्टमास्टर जनरल झाले. मालवाहतुकीच्या धंद्यातून आलेले, टपालखात्यात कधी नोकरी न केलेले आणि अध्यक्ष ट्रम्प यांच्या पक्षास मोठ्या देणग्या दिलेले हे गृहस्थ. खाते कर्जात बुडाले होते यात संशय नाही; पहिल्या वर्गाची पत्रे 2001 मधील सुमारे 103 अब्जांवरून निम्म्याच्या आसपास आली होती, आणि 2006 च्या कायद्याने निवृत्त सेवकांच्या आरोग्यखर्चाची रक्कम आगाऊ भरण्याचे जे ओझे खात्यावर लादले होते तसे अन्य कोणत्याही सरकारी खात्यावर नव्हते. जुलैमध्ये हुकूम सुटले: गाड्या नेमक्या वेळी निघाव्यात, उशिराच्या आणि जादा फेऱ्या बंद व्हाव्यात, जादा वेळेच्या कामास आळा बसावा. गाडी वेळेवर निघू लागली आणि पत्रे मागे राहू लागली. याच सुमारास वर्गवारीची शेकडो यंत्रे मोडीत काढण्याचा कार्यक्रम चालू होता, रस्त्यांवरील निळ्या पेट्या उचलल्याची छायाचित्रे देशभर फिरत होती, आणि खात्याच्या विधी सल्लागाराने 46 राज्यांना व राजधानीला पत्रे पाठवून इशारा दिला होता की, तुमच्या मुदती आणि आमचा वेग यांचा मेळ बसेलच असे नाही. त्यात 13 ऑगस्टला अध्यक्षांनीच दूरचित्रवाणीवर जाहीर केले की, टपालखात्यास मागितलेला 25 अब्ज डॉलरांचा निधी न दिल्यास टपालाने सार्वत्रिक मतदान करता येणार नाही. महामारीने लोकांस घराबाहेर पडणे दुष्कर केले असताना हे ऐकून लोक क्षुब्ध झाले नसते तरच आश्चर्य.

डिजॉय यांच्या मनात काय होते हे ठरविण्याचा अधिकार मी घेत नाही. यंत्रे कमी करण्याचे काम त्यांच्या आधीपासून चालले होते, हा त्यांचा बचाव खोटाही नव्हता. परंतु निवडणुकीच्या वर्षी पत्रांची गाडी पत्रे न घेता निघावी असा हुकूम काढणारा अधिकारी आपल्या हुकमाच्या राजकीय परिणामापासून हात झटकू शकत नाही. जेथे मताचे ग्राह्यत्व शिक्क्याच्या तारखेवर टांगलेले आहे, तेथे गाडीची वेळ बदलणे म्हणजे मतदानाची मुदत बदलणे होय. 18 ऑगस्टला त्यांनी बरेचसे बदल निवडणूक होईपर्यंत तहकूब केले आणि त्याच महिन्यात ते सिनेट व प्रतिनिधिगृह यांच्या समित्यांसमोर उत्तर देण्यास उभे राहिले. वॉशिंग्टनच्या नेतृत्वाखाली चौदा राज्यांनी भरलेल्या दाव्यात याकिमा येथील न्यायाधीश स्टॅनली बॅस्टियन यांनी 17 सप्टेंबरला तात्पुरता मनाईहुकूम देऊन, हे बदल म्हणजे टपालसेवेच्या कार्यक्षमतेवर राजकीय हेतूने केलेला घाव आहे असे आपले मत नोंदविले.

त्यानंतर जे घडले ते या खात्याच्या सामान्य नोकरांच्या कीर्तीस साजेसे होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जादा फेऱ्या, हाताने मारलेले शिक्के, केंद्राच्या कानाकोपऱ्यांत मतपत्रिका राहिल्या नाहीत ना याचा रोजचा शोध, अशी पराकाष्ठा झाली. मतदारांकडून निघालेल्या मतपत्रिकांपैकी 99.89 टक्के सात दिवसांच्या आत निवडणूक कचेऱ्यांत पोहोचल्या, असे खात्याने नंतर सांगितले. हा आकडा गौरवाचा आहे. पण तो जादा फेऱ्यांचा आकडा आहे, जुलैमधील हुकमांचा नव्हे, एवढे भान तो उद्धृत करणाऱ्यांनी ठेवावे.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे, आणि तिच्याकडे 2020 च्या गदारोळाइतके कोणाचे लक्ष गेले नाही. 2021 मध्ये आखलेल्या दहा वर्षांच्या योजनेनुसार पत्रे पोहोचविण्याची मुदत लांबविण्यात आली, आणि पुढे मोठ्या केंद्रांपासून 50 मैलांहून दूर असलेल्या टपालकचेऱ्यांतील संध्याकाळची गाडी बंद करण्याचा क्रम सुरू झाला. तेथे दुपारी टाकलेले पत्र रात्रभर गावीच राहते, दुसऱ्या दिवशी निघते आणि शिक्का केंद्रात पोहोचल्यावरच उमटतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्याच्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे एक हजार मतपत्रिका उशिरा आल्या म्हणून किंवा शिक्का नाही म्हणून बाद झाल्या, आणि तक्रार केली ती तेथील रिपब्लिकन पक्षाच्या राज्यसचिवांनी. तेव्हा हा गाऱ्हाण्याचा विषय एकाच पक्षाचा आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. अखेरीस 24 डिसेंबर 2025 पासून खात्याने आपल्या नियमपुस्तकातच स्पष्ट करून टाकले की, यंत्राच्या शिक्क्यावरील तारीख ही पत्र खात्याच्या ताब्यात आल्याची तारीख असेलच असे नाही.

बारनिशीवर आयुष्य घालविलेल्या माणसास हे वाक्य वाचून काय वाटले असेल ते त्या टेबलावर बसलेल्यांनाच कळेल. आलेल्या कागदावर आलेल्याच दिवसाची तारीख टाकावयाची, उद्याची नाही आणि कालचीही नाही, हा आमच्या कामाचा पहिला धर्म होता, कारण त्या तारखेवर कोणाचे अपील तरत असे आणि कोणाचे बुडत असे. नियम प्रामाणिक आहे, वस्तुस्थिती आहे तशी सांगतो, हे मी नाकारीत नाही. परंतु वॉशिंग्टनमधील कॅस्केड पर्वतांच्या पलीकडील एखाद्या दूरच्या खेड्यातील मतदाराने निवडणुकीच्या दिवशी दुपारी पेटीत टाकलेल्या मतपत्रिकेवर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसला, तर तिच्या सहीशेजारची खरी तारीख स्पष्ट शिक्क्यापुढे निरुपयोगी ठरते, आणि चूक कोणाचीच नसताना मत मात्र जाते.

यावर आज मतदाराला सांगितले जाते की आठवडाभर आधी टाका, सरकारी मतपेटी वापरा, अथवा टपालकचेरीच्या खिडकीशी जाऊन हाताने शिक्का मारून मागा. खिडकीवरील हा शिक्का फुकट मिळतो आणि त्याच दिवसाचा मिळतो. किंग काउंटीत मतपेट्या जागोजागी आहेत आणि तेथील बहुसंख्य मतदार त्यांचाच उपयोग करतात. माझी सूनही कोपऱ्यावरच्या मतपेटीतच लिफाफा टाकून आली. डोंगरापलीकडे ही सोय इतकी दाट नाही, आणि खिडकी उघडी असण्याच्या वेळांत शेतावरील मजूर किंवा इस्पितळातील परिचारिका तेथे पोहोचतेच असे नाही. निवडणुकीच्या आधीच्या पंधरवड्यात खाते स्वतः होऊन जादा फेऱ्या काढते, रविवारी देखील मतपत्रिका गोळा करते. म्हणजे हे करता येते, हे त्याने वारंवार सिद्ध केले आहे. मग ती गोष्ट त्या त्या पोस्टमास्टर जनरलच्या मर्जीवर का राहावी? त्या पंधरवड्यात प्रत्येक टपालकचेरीतून संध्याकाळची गाडी निघेल आणि मतपत्रिकेवर ती हाती आली त्याच दिवसाचा शिक्का बसेल, एवढे दोन कलमी बंधन अमेरिकेच्या काँग्रेसने कायद्यात घालावे, आणि त्याचा खर्च टपालाच्या नफातोट्यात न धरता निवडणुकीच्या खर्चात धरावा.